फॉस्फोरिक ॲसिडचा हिशेब शेतकऱ्यालाही कळू द्या

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
रसायने व खते मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय: फॉस्फोरिक ॲसिडची आयात, अनुदानाचे दर आणि दर हंगामात होणारी डीएपीची टंचाई

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

२०२५-२६ च्या रब्बीसाठी खतांच्या अनुदानाचे दर मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजूर केले. दर लागू धरले गेले १ ऑक्टोबरपासून. म्हणजे आमच्याकडे हरभऱ्याची पेरणी सुरू झाली, काहींची उरकलीसुद्धा, तेव्हा कुठे कारखानदाराला आणि आयातदाराला कळलं की स्फुरदाच्या (म्हणजे खतातल्या फॉस्फरसच्या) एका किलोमागे सरकार किती पैसे देणार आहे. २०२३ च्या रब्बीलाही असंच घडलं होतं. तेव्हाची तारीख २५ ऑक्टोबर. दोन्ही वेळा गावातल्या कृषी सेवा केंद्रांत डीएपीसाठी रांगा होत्या. ‘साठा पुरेसा आहे’ हे सरकारी निवेदन मात्र दोन्ही वेळा वेळेवर आलं.

हे पत्र लिहायला मला दोन कारणं आहेत. मी परभणी जिल्ह्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा करणारा शेतकरी आहे. आणि शेतीवर परतण्याआधी माझी सगळी नोकरी एका खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. बंदरात जहाजातून उतरलेल्या फॉस्फोरिक ॲसिडचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे दुकानासमोरच्या रांगेचं मूळ मला बंदरातल्या ॲसिडच्या टाकीपाशी दिसतं, आणि त्या टाकीबद्दल सरकार शेतकऱ्याशी कधी बोलत नाही. तेवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आधी थोडं सांगतो. डीएपी, म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट, हे १८:४६ खत. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. त्यातलं स्फुरद येतं फॉस्फोरिक ॲसिडमधून. हे ॲसिड बनवायचं तर रॉक फॉस्फेट नावाचा दगड दळून त्यावर सल्फ्युरिक ॲसिड घालावं लागतं. त्यातून फॉस्फोरिक ॲसिड सुटतं आणि खाली जिप्समचा चोथा उरतो. व्यापारात येणाऱ्या ॲसिडमध्ये साधारण ५२ ते ५४ टक्के स्फुरद असतं. दिसायला ते गडद हिरवट-तपकिरी, काकवीसारखं दाट, आणि पाण्याच्या दीडपटीहून जड. नमुन्याची बाटली हातात घेतली की ते वजन लगेच जाणवायचं. बाटली रात्रभर ठेवली की तळाशी करडा गाळ बसायचा. तो गाळ किती, त्यावर टाकी केव्हा धुवायची ते ठरायचं. ॲसिडमध्ये मग अमोनिया सोडला की दाणेदार डीएपी तयार होतं.

आता एका बॅगचा हिशेब. ५० किलोच्या बॅगेत २३ किलो स्फुरद. तेवढ्यासाठी जवळपास ४३ किलो ॲसिड लागतं. ते ॲसिड करायला साधारण ७८ किलो दगड आणि ६४ किलो सल्फ्युरिक ॲसिड खर्ची पडतं आणि ११५ किलोच्या आसपास जिप्सम मागे राहतं. आमच्या खांद्यावर येते ५० किलोची गोणी. तिच्या पाठीमागे एवढा माल कुठेतरी खणला, जाळला, ओतला गेलेला असतो.

तो कुठे? आपला देश फॉस्फोरिक ॲसिडचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. वर्षाला २५ लाख टन, कधी त्याहून जास्त ॲसिड जहाजांनी येतं. मुख्यतः मोरोक्कोहून, मग जॉर्डन, सेनेगल, ट्युनिशिया. जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत, तेव्हा यात आश्चर्य नाही. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा आहे, मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागरकडच्या खाणी आहेत, पण दगड बहुतेक हलक्या प्रतीचा. आपल्या शेजारच्या गोव्यात झुआरीनगरचा कारखाना १९७३ पासून खत करतो आहे, पण फॉस्फोरिक ॲसिड त्याला बाहेरूनच घ्यावं लागतं. आता तो ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, आणि त्या कंपनीत मोरोक्कोच्या ओसीपी या सरकारी कंपनीचा वाटा आहे. म्हणजे आयात ही आपली लाचारी नाही, भूगोल आहे. आयात बंद करा असं मी म्हणणार नाही. आयातीचं नियोजन धड नाही आणि त्याची किंमत पेरणीच्या घातीला आम्ही मोजतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अनुदानाच्या दरांबद्दल आहे.

ॲसिडचा भाव आपल्या कंपन्या आणि परदेशी पुरवठादार दर तिमाहीला ठरवतात, स्फुरदाच्या टनामागे डॉलरमध्ये. २०२० मध्ये तो ६०० डॉलरच्या आसपास होता. २०२१ मध्ये चढत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून चीनने स्वतःच्या खतांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. मग २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरला ॲसिड १७१५ डॉलरवर जाऊन पोचलं. दोन वर्षांत जवळजवळ तिप्पट. सरकारने तेव्हा हात आखडता घेतला नाही, हे मी मोकळेपणाने नोंदवतो. २०२२ च्या खरिपाला स्फुरदावर किलोमागे ७२ रुपये ७४ पैसे अनुदान होतं आणि डीएपीची बॅग १३५० रुपयांना मिळत राहिली. तसं झालं नसतं तर आमच्या भागात निम्म्या शेतांत खताचा दाणा पडला नसता.

भाव उतरले तसं अनुदानही उतरलं. तेही समजू शकतं. पण २०२३ मध्ये काय झालं ते पाहा. जुलै-सप्टेंबरला ॲसिड ८५० डॉलरपर्यंत खाली आलं होतं. ऑक्टोबर-डिसेंबरसाठी ते पुन्हा ९८५ झालं. नेमक्या त्याच ऑक्टोबरपासून स्फुरदाचं अनुदान ४१ रुपये ३ पैशांवरून २० रुपये ८२ पैशांवर आणलं. माल महागला आणि मदत निम्मी झाली. नुसत्या स्फुरदाचा हिशेब मांडला तरी डीएपीच्या बॅगमागे ही कपात ४६५ रुपयांची होते. बॅगेची किंमत तर वाढवायची नाही, ती १३५० लाच बांधलेली. मग आयातदार आणि कारखानदार काय करणार? त्याने सौदे कमी केले. २०२४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत देशात डीएपीची आयात २० लाख टनांच्याही खाली राहिली. आधीच्या वर्षी याच काळात ती ३४ लाख टनांच्या आसपास होती. पुढे त्या रब्बीत पंजाब-हरियाणापासून मराठवाड्यापर्यंत डीएपीसाठी काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिलं.

चूक उमगली नव्हती असंही नाही. एप्रिल २०२४ पासून डीएपीला टनामागे ३५०० रुपयांचं खास पॅकेज द्यावं लागलं आणि दरही टप्प्याटप्प्याने वर नेले. २०२५ च्या खरिपाला ४३ रुपये ६० पैसे, रब्बीला ४७ रुपये ९६ पैसे. पण एव्हाना ॲसिड १२५० डॉलरच्या वर गेलं होतं. डॉलर ८८ रुपयांना धरला तर एका बॅगेत जाणाऱ्या ॲसिडचेच अडीच हजार रुपये होतात. बॅगेची विक्री १३५०, अनुदान सुमारे १४९०, आणि खास पॅकेजचे १७५. या तीन हजारांत ॲसिड, अमोनिया, वीज, गोणी, भाडं आणि दुकानदाराचं कमिशन बसवा म्हटलं तर कुठलाही कारखाना डीएपी करायला कचरेल. त्याऐवजी तो २०:२०:०:१३ (नत्र, स्फुरद, पालाश, गंधक) हे मिश्र खत करेल. त्यात ॲसिड निम्म्याहून कमी लागतं आणि किंमतही तेवढी जखडलेली नाही. २०२४-२५ मध्येही हेच घडलं होतं. डीएपीची विक्री घटली, २०:२०:०:१३ ची फुगली. शेतकऱ्याने खत बदललं असं अहवालात लिहिलं जाईल. शेतकऱ्याने बदललं नाही, दुकानात जे होतं ते उचललं.

यातून निघणारी दुसरी तक्रार लिंकिंगची. डीएपी आलं की त्याच्यासोबत दुसरं काही घेतल्याशिवाय ते मिळत नाही. कधी नॅनो डीएपीची अर्ध्या लिटरची बाटली, कधी विद्राव्य खताची पुडी, कधी झिंक-सल्फरचा डबा. गेल्या खरिपात मी ज्या दुकानात गेलो तिथे ई-पॉस मशीनवर अंगठा लावून झाल्यावर दुकानदाराने दोन बाटल्या बॅगेवर ठेवल्या आणि पाचशेच्या पुढचा आकडा वेगळ्या कागदावर लिहिला. पक्क्या बिलात त्या बाटल्या नव्हत्या. मी विचारलं तेव्हा तो चिडला नाही. ‘काका, मलाबी वरून असंच येतंय, नको म्हणलं तर पुढची गाडी येत नाही,’ म्हणाला. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. महाराष्ट्रातल्या विक्रेत्यांनीही लिंकिंगविरुद्ध उघड तक्रारी केल्या आहेत. कंपनीला डीएपीत तोटा असेल, तर ती तो कुठेतरी भरून काढणारच. तो आमच्या खिशातून, बिलाबाहेर भरून निघतो आहे. दुकानांवर धाडी टाकून हे थांबणार नाही, कारण गाठ अनुदानाच्या दरात आहे. नॅनो खत चांगलं असेल तर शेतकरी ते आपणहून घेईल. त्याला ते ठरवू द्या.

तिसरी तक्रार, तयार डीएपी की ॲसिड, या प्रश्नावर सरकारचं धोरण नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या मादेन कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला. चीनचा माल आटत चालला असताना हा करार करणं शहाणपणाचंच होतं. पण देशातही वर्षाला ४० लाख टनांच्या आसपास डीएपी बनतं. ते बनवणाऱ्या कारखान्यांना ॲसिड, दगड आणि सल्फ्युरिक ॲसिडसाठीचं गंधक दीर्घ मुदतीने मिळावं यासाठी तसाच करार का होत नाही? ते सौदे तिमाहीच्या घासाघिशीवर का सोडलेत? ॲसिड आणून खत इथे बनवलं तर निदान काम इथे राहतं, आणि गरजेप्रमाणे डीएपी करायचं की १०:२६:२६ की १२:३२:१६ हे शेवटच्या महिन्यातही ठरवता येतं. तयार डीएपीच्या जहाजाला ती सोय नाही.

वाट माहीत नाही असंही नाही. मोरोक्कोत जोर्फ लास्फारला इमासिद हा कारखाना भारतीय कंपन्यांच्या भागीदारीत १९९९ पासून ॲसिड करतो आहे. जॉर्डनमध्ये एशिदियाला इफ्को या आपल्या सहकारी खत संस्थेच्या भागीदारीतल्या कारखान्याचं उद्घाटन २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झालं. सेनेगल आणि ट्युनिशियातही आपल्या कंपन्यांनी पैसे घातले आहेत. ही पावलं चांगली होती. पण ती कंपन्यांनी आपापल्या सोयीने टाकली. देशाला किती ॲसिड हक्काचं हवं, त्यातलं किती मिळालं, बाकीचं कुठून आणायचं, असा आराखडा माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

इथे सल्फ्युरिक ॲसिडचंही सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय दगड फुटत नाही. तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला. त्याच महिन्यातल्या पोलीस गोळीबारात तेरा माणसं गेली. आपल्या हवा-पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्या लोकांच्या जिवाची भरपाई कुठल्याही टनभारात होणार नाही, आणि तो कारखाना पुन्हा सुरू करा असं मी सुचवतही नाही. पण तांब्यासोबत तिथे मोठ्या प्रमाणावर सल्फ्युरिक ॲसिड निघत होतं, फॉस्फोरिक ॲसिडही होत होतं. ते थांबलं आणि ती जागा जपान-कोरियाच्या ॲसिडने भरली. दक्षिणेतल्या सुपर फॉस्फेट खत करणाऱ्या छोट्या कारखानदारांनी भावाचे जे चटके सोसले त्यांची कुणी दखल घेतली नाही. आता मुंद्र्यात नवा मोठा तांब्याचा कारखाना आला आहे, त्यातूनही ॲसिड निघेल. ते कुणाला, कोणत्या भावाने, खताला आधी की बाकी उद्योगांना आधी, हे आत्ताच ठरवायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये सल्फ्युरिक ॲसिड, नायट्रिक ॲसिड आणि अमोनियावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, ही मागणी फार जुनी होती. ती मान्य केल्याबद्दल आभार.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा धोक्याची आहे. फॉस्फोरिक ॲसिडला आता नवा गिऱ्हाईक आला आहे, विजेवरच्या गाड्यांची बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला शुद्ध केलेलं फॉस्फोरिक ॲसिड लागतं. चीनमध्ये फॉस्फेट त्या बाजूला वळतं आहे. तिकडून खत कमी यायला हेही एक कारण आहे. आपल्याकडेही असे कारखाने येऊ घातलेत, आणि ते यायला हवेत. पण बॅटरीवाला टनाला जो भाव देऊ शकतो तो हरभरावाला देऊ शकणार नाही. त्यात लाल समुद्रात २०२३ च्या शेवटापासून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोरोक्कोचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. भाडं वाढलं, दिवस वाढले. बंदरावरच्या टाक्यांत मोजक्या दिवसांचं ॲसिड ठेवून हा देश पेरणीला सामोरा जातो, हे मला नोकरीत असतानाही अस्वस्थ करायचं. जहाज लांबलं की प्लँट मंद चालवायचे आदेश यायचे. आमच्या गावाकडे त्याच सुमारास मृगाचा पाऊस झालेला असायचा.

बाहेरच्यांना हे कळत नाही म्हणून सांगतो. कोरडवाहू शेतीत पेरणीला वाफसा असतो तो चार-सहा दिवसांचा. स्फुरद जमिनीत हलत नाही, जिथे पडतं तिथेच राहतं, म्हणून ते पेरतानाच बियाच्या खाली पडावं लागतं. युरिया मागाहून देता येतो, स्फुरदाचं तसं नाही. सोयाबीनला आमच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०:६०:३० ची. ते ६० किलो स्फुरद पेरणीच्या दिवशी हातात हवं. आठ दिवसांनी रेल्वेचा रेक लागला तरी आमच्या लेखी तो लागलाच नाही.

आम्ही पर्याय वापरत नाही असं कुणी म्हणू नये. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत २४ किलो स्फुरद मिळतं, म्हणजे डीएपीच्या एका बॅगेएवढं, आणि वर सोळा-साडेसोळा किलो गंधक, जे सोयाबीनला हवंच असतं. मी स्वतः निम्म्या रानात सुपरच पेरतो. आपल्याकडच्या हलक्या दगडाचाही त्यात उपयोग होतो. पण सुपरच्या तीन बॅगा वाहायला भाडं तिप्पट, आणि प्रतीचा भरवसा नाही. दाणा हातात घेतला की भुगा होणारं, विरघळणारं स्फुरद कमी असलेलं सुपर दर हंगामात कुठे ना कुठे पकडलं जातं. डीएपीला पर्याय म्हणून सुपर सुचवणाऱ्या कृषी खात्याने नमुन्यांचे निकाल पेरणीआधी, कंपनीच्या नावासह जाहीर करावेत. ते बहुतेक वेळा पीक काढणीला आल्यावर येतात.

आणि हेही मान्य करतो की आम्ही स्फुरद जास्तही टाकतो. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेल्यापैकी पहिल्या पिकाला जेमतेम १५ ते २० टक्के मिळतं, बाकीचं जमिनीत अडकतं. वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या कित्येक रानांत तो साठा पडून आहे. मृद आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली, पण माझ्या शिवारातल्या किती जणांनी पत्रिका बघून बॅग कमी केली, हे विचारलं तर उत्तर मिळणार नाही. माती परीक्षणाचा अहवाल वेळेत आणि विश्वासाने हातात पडला, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं ताजं संवर्धन तालुक्याला मिळालं, तर आयातीचा भार आम्हीच हलका करू. त्यासाठी लागणारा पैसा एका जहाजाच्या ॲसिडएवढाही नसेल.

पाचवी बाब लिहिताना मला कमीपणा वाटतो, पण ती टाळणार नाही. ॲसिड बाहेरून आणलं की जिप्समचा चोथा आणि धूरही बाहेरच राहतो. ट्युनिशियात गाबेस शहरात सरकारी फॉस्फेट कारखान्याच्या धुराने शाळकरी मुलांना श्वास घेता येईना, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. तिथला समुद्र वर्षानुवर्षं जिप्सम पोटात घेतो आहे. त्या लोकांचा आणि माझ्या हरभऱ्याचा संबंध नाही असं मला म्हणवत नाही. इथे पारादीपला आणि इतरत्रही जिप्समचे डोंगर आहेतच. दीर्घ मुदतीचे करार करताना पुरवठादार चोथ्याचं काय करतो हा प्रश्न कराराच्या कागदावर यायला हवा. आणि इथे नवे ॲसिड प्लँट काढायचे तर आधी त्या गावांना विचारायला हवं. नायट्रिक ॲसिडने दगड विरघळवायची दुसरी वाट ट्रॉम्बे आणि तळोज्याच्या कारखान्यांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तीत सल्फ्युरिक ॲसिड लागत नाही आणि जिप्सम निघत नाही. ट्रॉम्बेचा सरकारी कारखाना हाताशी असताना ती वाट रुंद करण्यावर गांभीर्याने विचार व्हावा.

मंत्रिमहोदय, माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही फुकट खताची नाही.

खरिपाचे अनुदान दर फेब्रुवारीत आणि रब्बीचे ऑगस्टमध्ये जाहीर करा. ते ठरवताना ॲसिड, दगड, गंधक आणि अमोनिया यांचा त्या वेळचा भाव कसा धरला, हे सूत्र लोकांसमोर ठेवा. भाव ठरावीक टक्क्यांपलीकडे हलला तर हंगामाच्या मध्यातही दर आपोआप बदलतील अशी तरतूद करा, म्हणजे खास पॅकेजची वाट बघायला नको.

देशात किती फॉस्फोरिक ॲसिड आलं, कुठून, कोणत्या भावाने, बंदरांवर आणि कारखान्यांत किती शिल्लक आहे, हे दर महिन्याला प्रसिद्ध करा, मराठीसह सगळ्या राज्यभाषांत. डीएपीच्या बॅगांचा साठा तुम्ही सांगताच. पण बॅगांचा साठा आजचं सांगतो, ॲसिडचा साठा दोन महिन्यांनंतरचं सांगतो. तो कळला तर मी मे महिन्यातच ठरवीन की यंदा सुपर घ्यायचं.

मुंबई-न्हावाशेवा, मार्मागोवा, कांडला, पारादीप, विशाखापट्टणम अशा बंदरांवर ॲसिडच्या राखीव टाक्या सरकारी खर्चाने उभ्या करा. निदान एका हंगामाची निकड भागेल एवढं ॲसिड हाती असू द्या. तेलाचा राखीव साठा देश ठेवतो, तर याचाही ठेवता येईल.

ॲसिड आणि दगडासाठी पाच ते दहा वर्षांचे करार करा आणि त्यांत किमान तीन देश असू द्या. बॅटरीच्या उद्योगासाठीचं ॲसिड खताच्या वाट्यातून जाणार नाही याची हमी त्या धोरणातच लिहा.

लिंकिंगची तक्रार करायला असा क्रमांक द्या की तक्रारदाराचं नाव दुकानदाराला कळणार नाही, आणि जबाबदारी कंपनीवर टाका. ई-पॉसच्या पावतीवर दिलेली प्रत्येक वस्तू छापली गेलीच पाहिजे.

सुपर फॉस्फेटच्या नमुन्यांचे निकाल ३१ मेच्या आत जाहीर करायला राज्यांना सांगा. आणि सुपरच्या वाहतुकीला डीएपीच्या बरोबरीने मदत द्या.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना पैसाही लागत नाही, फक्त निर्णय लागतो. येत्या खरिपाचे दर ठरवण्याची फाइल आपल्या विभागात जेव्हा सुरू होईल, तेव्हा हे पत्र त्या फाइलीला जोडावं अशी विनंती करतो. उत्तर आलं तर ते मी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन आणि तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांनाही त्याची प्रत देईन.

आपला,
एक शेतकरी व निवृत्त केमिस्ट
जिल्हा परभणी

प्रत माहितीसाठी: मा. कृषी मंत्री, महाराष्ट्र राज्य; मराठवाड्यातले सर्व मा. खासदार